चार मिनिटं आधी उगवणारा चंद्र

"तुझा चंद्र चार मिनिटं आधी उगवतो गं."

फोन आईचा. बर्लिनमध्ये संध्याकाळचे सहा वाजले होते, म्हणजे विक्रोळीत साडेनऊ. त्या दिवशी संकष्टी. समोर भिंतीवरचं कॅलेंडर आणि फोनमध्ये मी केलेलं ॲप, अशा दोन साक्षीदारांच्या मधे आई उपाशी उभी होती. "कॅलेंडरात नऊ बत्तीस, तुझ्यात नऊ अठ्ठावीस. तुझं ऐकायचं तर मी आत्ता पानावर असायला हवी. त्याचं ऐकायचं तर अजून दोन मिनिटं आहेत."

"चार मिनिटांनी काय होतंय आई?"

"काय होतंय म्हणजे? उपास आहे."

मी सहा वर्षं स्वतंत्रपणे सॉफ्टवेअर लिहिते, पण असा नेमका बग-रिपोर्ट मला एकाही क्लाएंटनं दिलेला नाही. त्यांचा मेल येतो, "ते चालत नाहीये." कोणतं ते, कुठे, कधी, हे काढून घ्यायला तीन दिवस जातात.

चूक माझ्या आळसात होती. सूर्योदय काढताना सूर्याचा मध्य क्षितिजाच्या ५० कला खाली धरतात, कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. हवेमुळे प्रकाश वाकतो त्याच्या ३४ कला आणि बिंबाच्या अर्ध्या व्यासाच्या १६. सूर्याचा कोड लिहून झालेला होता, चंद्राला मी तोच लावला. बिंब दोघांचं जवळजवळ सारखंच दिसतं, मग काय बिघडतंय, असा विचार. पण सूर्य लांब आहे आणि चंद्र अगदी शेजारचा, सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर. हिशेब पृथ्वीच्या मध्यावरून होतो आणि आपण उभे असतो पृष्ठभागावर, त्यामुळे क्षितिजाजवळचा चंद्र हिशेबापेक्षा जवळपास एक अंश खाली दिसतो. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत याला लंबन म्हणतात. हे लंबन मी विसरले होते. तेवढा एक अंश चढायला मुंबईच्या आकाशात चंद्राला चार मिनिटं लागतात. बर्लिनमध्ये तो तिरका चढतो, तिथे साडेसहा-सात. म्हणजे बर्लिनसाठी माझी चूक मोठी होती, पण तिथून कुणाची तक्रार आली नव्हती. तिथे घड्याळ लावून चंद्र बघणारं कोण आहे?

खरं तर होतं एक जोडपं, आणि ॲप त्यांच्यामुळेच सुरू झालं. मूळचे साताऱ्याचे, माझ्या गल्लीच्या पलीकडे राहणारे. त्यांच्या घरी संकष्टी कडक. मुंबईत चंद्रोदय वर्षभर नऊ-साडेनऊच्या आगेमागे असतो, त्यामुळे माणूस रात्री वेळेवर जेवून झोपतो. बर्लिनच्या साडेबावन्न अक्षांशावर एप्रिलमधली संकष्टी असली की चंद्र मध्यरात्र उलटून गेल्यावर उगवतो, आणि सप्टेंबरात तोच संध्याकाळी आठ-साडेआठला हजर. एप्रिलमधे त्या दोघांनी रात्री पाऊण वाजता वरणभात खाल्ला आणि सकाळी सातला कामावर गेले. त्यावरून तिथल्या मराठी मंडळींत वाद: मुंबईची वेळ धरावी की इथली? एकजण म्हणाला, गणपती काय पासपोर्ट बघतो का. मी उपास करत नाही, त्यामुळे मला मत नव्हतं. पण रविवारची दुपार मोकळी होती आणि हा हिशेब आपल्याला जमेल असं वाटलं. माझे सगळे साइड प्रोजेक्ट याच दोन कारणांनी सुरू झालेत.

स्वतंत्र असणं म्हणजे काय ते सांगते. साहेब, हिशेबनीस, शिपाई आणि ज्याच्यावर सगळे चिडतात तो संगणकवाला, हे चौघे एकाच खुर्चीत बसतात. सकाळी नऊ ते तीन मी एका जर्मन कंपनीच्या बिलांचं सॉफ्टवेअर सांभाळते, त्यावर घरभाडं, आरोग्यविमा आणि कर भागतो. तीननंतरची मी माझी. रविवारी त्या देशात भिंतीला ड्रिल लावायची चोरी, खालच्या मजल्यावरच्या आजी दार वाजवतात. सोल्डरिंगला आवाज नसतो, म्हणून मी त्यात रमले. टेबलाच्या खालच्या खणात रास्पबेरी पाय नावाचे तीन चिमुकले संगणक आहेत, त्यातला एक कशासाठी घेतला ते आठवत नाही. एक कीबोर्ड आहे, त्याच्या कटकटीमुळे कॉलवरच्या माणसानं विचारलं होतं, तुमच्याकडे गारा पडतायत का. आणि कधीच सुरू न झालेल्या चार प्रकल्पांची वेब-नावं आहेत, ती मी दरवर्षी पैसे भरून राखते. माहेरची जमीन कसत नाही, पण विकायचीही नाही, तसं.

ॲप झालं. मग आईला वाटायला लागलं की फोन शोधून, चष्मा शोधून, ॲप उघडून बघण्यापेक्षा कॅलेंडर बरं. ते भिंतीवर असतं. मुद्दा बिनतोड होता. तेव्हा मी भिंतीवरच जायचं ठरवलं.

पाय झीरो हा तळहाताएवढाही नसलेला संगणक. त्याला जोडला साडेसात इंची ई-पेपरचा पडदा, किंडलमध्ये असतो तशा जातीचा. हा पडदा उजेड फेकत नाही, छापल्यासारखा दिसतो, आणि वीज लागते ती फक्त चित्र बदलताना. एकदा उमटलं की वायर काढून टाका, चित्र जागच्या जागी राहतं. मला या गुणाचं फार कौतुक होतं. चौकट मिळाली मावरपार्कच्या रविवारच्या जुन्या बाजारात, आत कुण्या अनोळखी आजोबांचा फोटो होता, तो विक्रेत्यानं काढून ठेवला. डिसेंबरात ती वस्तू स्वेटरमध्ये गुंडाळून मी मुंबईला आणली. विमानतळावर तपासणीच्या माणसानं एक्स-रेमध्ये लाकूड, वायरी आणि बॅटरीसारखं काहीतरी बघून बॅग उघडायला लावली. "काय आहे हे?" म्हटलं, आईचं कॅलेंडर. त्यानं उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "विकत नाही मिळालं?"

कन्नमवार नगरातल्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी, खऱ्या कॅलेंडरच्या शेजारच्या खिळ्यावर ते टांगलं. आई दोन पावलं मागे सरकून वाचायला लागली. "हे चतुर् थी काय लिहिलंयस? पहिलीतल्या मुलासारखं."

देवनागरीची ही जुनी रड. अक्षरं ओळीनं एकामागून एक मांडली तर जोडाक्षर जुळत नाही, रफार चढत नाही, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. अक्षरं जुळवायला वेगळं इंजिन लागतं, हार्फबझ नावाचं. अँड्रॉइडमध्ये, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये तेच असतं, म्हणून फोनवर मराठी नीट दिसतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. माझ्या छोट्या प्रोग्रामात ते जोडायचं राहून गेलं होतं. लॅपटॉपवर मी सगळं इंग्रजी आकडे टाकून तपासलं होतं. हे लिहितानाही लाज वाटते.

दुसरी तक्रार दुसऱ्या दिवशी. "तुझं हे साडेपाचला उठतं." आई पाण्यासाठी पहाटे पाचला उठते, तेव्हा पडद्यावर कालचीच तारीख असायची. कारण सोपं: तारीख मध्यरात्री बदलायला सांगितली होती, पण ती मध्यरात्र ग्रीनिचची होती, म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. मी दुरुस्त करायला लॅपटॉप उघडला तर आईच म्हणाली, "राहू दे की. सूर्य उगवल्याशिवाय तिथी कुठे बदलते?" पंचांगाच्या दृष्टीनं तिचं बरोबर होतं. सूर्योदयाला जी तिथी असते ती त्या दिवसाची. माझा बग धर्मशास्त्राला धरून निघाला. तरी मी तारीख दुरुस्त केली आणि तिथी सूर्योदयाला बांधली, आणि हा निर्णय आपण आधीच घेतला होता असा चेहरा केला.

वेळेवरून आठवलं. माझ्या प्रोग्रामात मुंबई असं कुठेच लिहिलेलं नाही. जगातले बहुतेक संगणक वेळेचा एक सामायिक कोश वापरतात, त्यात भारताची नोंद आशिया-कोलकाता एवढीच. हे आजोबांना चाललं नसतं. लालबागच्या गिरणीत आयुष्य गेलेल्या त्या माणसाच्या तोंडी शेवटपर्यंत बॉम्बे टाइम होता. १९०६ साली देशासाठी साडेब्याऐंशी अंश रेखांशाची प्रमाणवेळ आली, पण मुंबई महापालिकेनं आपली ३९ मिनिटं मागची वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं सोडली नाही. चाळीस वर्षांहून जास्त हट्ट! चंद्राला मात्र प्रमाणवेळ कळत नाही, त्याला रेखांश द्यावा लागतो. विक्रोळीचा आहे ७२ अंश ५६ कला. त्यामुळे हिशेबाच्या पोटात जवळपास तीच ३९ मिनिटं दर वेळी परत येतात आणि शेवटी गुपचूप प्रमाणवेळेत मिसळून पडद्यावर उमटतात. आजोबांना हे सांगायला हवं होतं.

तिसरी तक्रार मला सगळ्यात आवडली. कोपऱ्यात चंद्राचं चित्र होतं, त्या दिवसाच्या कलेचं. कृष्ण चतुर्थीचा चंद्र मी उजवीकडून थोडा कापलेला दाखवला होता, सगळीकडे तसाच दाखवतात. आई म्हणाली, "चूक आहे. त्याची वरची कड खाल्लेली असते." मी वाद घालायला लागले, मग कागदावर आकृती काढली आणि गप्प बसले. पौर्णिमेनंतर सूर्य चंद्राच्या पूर्वेच्या अंगाला असतो. चंद्र उगवत असताना पूर्व म्हणजे खाली, क्षितिजाकडे. तेव्हा उजेड खालच्या अंगाला आणि अंधार वर. उजवीकडे कापलेला चंद्र दिसतो तो उत्तररात्री, डोक्यावरून जाताना, आणि तेव्हा संकष्टीवाले झोपलेले असतात. मी ज्यावरून चित्र घेतलं होतं ती मंडळी उपाशीपोटी गच्चीवर उभी राहिलेली नव्हती. आई चाळीस वर्षं राहिली होती. गच्चीवरून तेव्हा थेट खाडीपर्यंत नजर जायची, तिवरांच्या वर, ऐरोलीच्या बाजूनं तांबूस, वरून चेपल्यासारखा चंद्र यायचा.

पैशांचं थोडक्यात. ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर, गूगल प्लेला एकदाच २५. माझं गूगलचं खातं नवं, आणि नोव्हेंबर २०२३ नंतरच्या वैयक्तिक खात्यांना नियम होता की आधी वीस जणांनी सलग चौदा दिवस ॲप तपासायला हवं. बर्लिनमध्ये मला वीस माणसं ओळखत नाहीत. आईनं बिल्डिंगच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकलं आणि संध्याकाळपर्यंत सव्वीस जणी झाल्या. चौदा दिवस रोज सकाळी सव्वीस गुड मॉर्निंग आणि त्याबरोबर सूचना: अक्षर मोठं करा, गणपतीचा फोटो टाका, नातवानं चुकून काढून टाकलं तर चालेल का, यात साबुदाणा वड्याची कृती येते का. ॲपची वर्षाची कमाई ॲपलच्या ९९ डॉलरपर्यंत पोचत नाही. गणपतीचा फोटो टाकला आहे.

यंदा जुलैत दोन महिन्यांसाठी घरी आले. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी पहाटे पोचले, बॅग दारात टाकली आणि आधी पडद्याकडे बघितलं. एकादशी. क्षणभर वाटलं पुन्हा सूर्योदयाचा घोळ झाला, एक दिवस पुढे पळतंय. मग वरची ओळ वाचली: ज्येष्ठ कृष्ण. ती मागची एकादशी होती. पडदा चौदा-पंधरा दिवस तिथेच थांबला होता.

समोरच्या खोदकामात केबल तुटून दोनदा वीज गेली होती. लिहिता लिहिता वीज गेली की पायचं मेमरी कार्ड बिघडतं, हे मला माहीत होतं आणि तरीही मी रोजच्या नोंदी त्याच कार्डावर लिहीत होते. संगणक मेला. साधा पडदा असता तर काळा झाला असता, कुणीतरी म्हणालं असतं बंद पडलंय. ई-पेपर शेवटचं चित्र घेऊन तसाच, स्वच्छ, सुवाच्य. ज्या गुणाचं मी चार जणांना कौतुक सांगितलं होतं तोच.

"आई, फोनवर बोलली नाहीस?"

"बंद कुठे होतं? दिसत होतं की."

"पण तारीख चुकीची होती."

"तारीख काय, शेजारी कॅलेंडर आहे ना," आई म्हणाली. "आणि तू त्या आठवड्यात कामात होतीस."

मी सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोडला गेले. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण तसं कुणी म्हणत नाही. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, छत्री मिटायला जागा नसलेल्या फुटपाथवरून चालायचं. आताशा सगळं घरपोच येतं, तरी मी जाते. बर्लिनमध्ये एखादा सुटा भाग मागवला की तो चकचकीत खोक्यात येतो आणि काही बोलत नाही. इथे काउंटरपलीकडचा माणूस बोलतो. मला घड्याळाचं मॉड्यूल हवं होतं, डीएस ३२३१ चिपचं. पाय झीरोला स्वतःचं घड्याळ नसतं, वीज आली की तो इंटरनेटला वेळ विचारतो, आणि आमचा वाय-फायचा डबा त्याच्यानंतर जागा होतो. ही चिप नाण्याएवढ्या सेलवर वेळ धरून ठेवते, वर्षाला फार तर एखाद मिनिट इकडेतिकडे.

दुकानदारानं खणातून झिपची पिशवी काढली. "मुलाचा कॉलेज प्रोजेक्ट काय?"

"माझाच आहे."

त्यानं चष्म्यावरून बघितलं आणि आवाज खाली आणला. "मग ऐका. यात चार्जिंगचं सर्किट दिलंय. साधा सेल टाकाल तर चार्ज होत राहणार, फुगणार. हा रेझिस्टर दिसतो? हा उडवा." स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं त्यानं मोहरीएवढा काळा ठिपका दाखवला. "कॉलेजच्या पोरांना मी सांगत नाय. ते दोन दिवसांत फेकूनच देतात."

रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर तो ठिपका उडवला. सोल्डरच्या तारेत राळ असते, तिचा धूर झाला तशी आई बाहेरून म्हणाली, "धूप घातलास का?" नवं कार्ड घातलं, या वेळी त्यावर काही लिहिलंच जाणार नाही अशी व्यवस्था केली, वीज गेली तर जाऊ दे. वर एक ओळ वाढवली: शेवटची नोंद किती वाजता झाली. आईला दाखवली. आई म्हणाली, बारीक आहे.

आठवडाभरानं संकष्टी. पडद्यावर चंद्रोदय ९ वाजून ५६ मिनिटं, कॅलेंडरातही तेच, आणि मला कॉलेजात पहिली आल्यासारखा आनंद. बरोबर ९:५६ ला ॲपनं आईच्या फोनवर घंटी वाजवली. आई मटार सोलत बसली होती, सोलत राहिली.

"आई, झाला चंद्रोदय."

"हो. ऐकलं."

मला वाटलं गच्चीवर जायचं असेल, हात धरायला पुढे झाले. जिना चार मजल्यांचा आणि लिफ्ट नाही. आई म्हणाली, "मला गच्ची चढून दोन वर्षं झाली. गुडघे ऐकत नाहीत. आणि वर जाऊन बघायचं काय, टॉवर?"

खाडीच्या बाजूला, जिथून चंद्र यायचा नेमका तिथे, पुनर्विकासाचा टॉवर उभा आहे. मी खिडकीतून बघितलं. ओल्या भिंतीवर चौकोनी उजेड, त्याच्या वर ढग.

"मग दर संकष्टीला फोनवर सांगायचीस, दिसला चंद्र म्हणून?"

"दिसलाच की. मला नाही, हिला." मटाराच्या शेंगेनं तिनं टॉवरकडे बोट केलं. आमच्या शेजारच्या काकू, वीस वर्षं आमची एकच भिंत होती. त्या आता तिथे अठराव्या मजल्यावर राहतात, खाडीच्या बाजूनं.

सव्वादहा झाले. मी दोनदा ॲप उघडून बघितलं, ते आपल्या मतावर ठाम होतं. दहा बावीसला आईचा फोन एकदाच वाजला आणि थांबला. मिस्ड कॉल. आईनं मटाराचं ताट बाजूला सारलं, ओट्याला धरून उठली, गॅस लावला. मग खिडकीशी जाऊन टॉवरच्या दिशेनं हात जोडले आणि तांब्यातलं पाणी ताम्हनात सोडलं.

"पानं घे," ती म्हणाली. "आणि तिला एक मिस्ड कॉल दे, मिळाला म्हणून."